मुलीचं नाव शिरीष, मल्हार की रणवीर?

सांगलीहून एका आईने विचारलं आहे. मुलगी महिन्याची झाली, बारसं अजून व्हायचंय. जन्माची नोंद दवाखान्यातून झाली, पण नावाची जागा मोकळी ठेवली आहे. नवरा-बायकोच्या मनात तीन नावं आहेत: शिरीष, मल्हार आणि रणवीर. सासूबाई म्हणतात, ‘पोरीला पोराचं नाव कशाला? शास्त्रात असं बसत नाही.’ माहेरच्या आईला शाळेतल्या चिडवाचिडवीची धास्ती आहे. आणि सरकारी नोकरीत असलेल्या दिरांनी बजावलंय की असं नाव ठेवलंत तर कागदपत्रं निस्तरण्यात आयुष्य जाईल. यातलं किती खरं मानायचं, हा त्यांचा प्रश्न.

मी माध्यमिक शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं. पुढे मुख्याध्यापिका म्हणून शाळेचं जनरल रजिस्टर सांभाळलं. नावातल्या चुका दुरुस्त करून घ्यायला पालक अजूनही माझ्याकडे येतात. पहिलीत नाव सांगणारं मूल आणि दहावीच्या फॉर्मवर तेच नाव लिहिणारं मूल, दोन्ही मी पाहिली आहेत. त्या अनुभवावरून आधी निकाल सांगते आणि मग कारणं. शिरीष बिनधास्त ठेवा. मल्हार ठेवायचं असेल तर थोडा विचार करून ठेवा. रणवीर ठेवू नये असं मला वाटतं. दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याचा बंदोबस्त आत्ताच, नाव नोंदवतानाच करता येतो.

सुरुवात सासूबाईंपासून करू, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. शास्त्रात खरोखरच तसा नियम आहे. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं असावं, मुलीचं विषम अक्षरांचं आणि आकारान्त असावं, असं पारस्कर गृह्यसूत्र सांगतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीच्या नावाची लक्षणं दिली आहेत: उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, मनाला भावणारं, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेलं आणि आशीर्वाद वाटेल असं. मुलीचं नाव ‘आ’ किंवा ‘ई’ने संपलं पाहिजे ही आपल्या मनातली सवय इतकी जुनी आहे.

आता सासूबाईंसोबत बसून हाच नियम आपल्या लाडक्या नावांना लावून पाहा. सीता, राधा, मीरा, रमा ही सगळी दोन अक्षरी, म्हणजे सम. कुंती आणि गौरी सम अक्षरी आहेतच, शिवाय आकारान्तही नाहीत. आपल्या घरांत शतकानुशतकं चालत आलेल्या नावांनीच हा नियम पाळलेला नाही आणि त्यासाठी कुणी पाळणा अडवला नाही. उलट शिरीष तीन अक्षरी आहे, विषम आहे, उच्चाराला मऊ आहे आणि अर्थाला स्पष्ट आहे. कालिदासाने मेनेच्या तोंडून पार्वतीच्या कोवळ्या देहाला शिरीषाच्या फुलाचीच उपमा दिली आहे: हे फूल भुंग्याचा पाय सोसेल, पक्ष्याचा सोसणार नाही. लेकीला तपापासून परावृत्त करू पाहणाऱ्या आईचे हे शब्द आहेत. सासूबाईंना हे जरूर सांगा, त्यांना आवडेल. मनूच्या यादीत शिरीष फक्त शेवटच्या दीर्घ स्वरावर अडतं.

आणखी एक गोष्ट त्यांना विचारा. बारशाला पाळण्याखालून बाळ देता-घेता बायका काय म्हणतात? ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.’ कित्येक घरांत पाळण्यात मुलगी असली तरी हेच म्हटलं जातं. आत्याने कानात नाव सांगण्याआधी ती पोर गोविंद होऊन जाते, गोपाळ होऊन जाते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. घरातही आपण लेकीला ‘माझा राजा’, ‘ये रे सोन्या’, ‘बाळा’ म्हणत वाढवतो. मुलीला पुल्लिंगी हाक मारणं मराठी घराला परकं नाही.

नावांच्या बाबतीतही तुम्ही काही नवीन करत नाही आहात. तुमच्या आजीच्या पिढीकडे पाहा. त्याच्याही आधी बायकांच्या नावापुढे ‘बाई’ लागायचं. हिराबाई, माणिकबाई, मोतीबाई, विठाबाई. मूळ नाव रत्नाचं असो की विठोबाचं, ‘बाई’ लागलं की ते बाईचं नाव झालं. विसाव्या शतकात शिकलेल्या घरांनी हे ‘बाई’ हळूहळू काढून टाकलं आणि मागे मोकळी, छोटी नावं उरली: माणिक, कमल, सुमन, सरोज, कुसुम, मंगल. यातल्या एकाच्याही शेवटी ‘आ’ नाही की ‘ई’ नाही. गायिका माणिक वर्मा यांचं नाव ऐकून कुणाला अडखळायला होत नाही. आणि ‘ग्रेस’ या नावाने कविता लिहिणाऱ्या कवीचं मूळ नावही माणिकच, माणिक सीताराम गोडघाटे. सुहास जोशी अभिनेत्री आणि सुहास पळशीकर राज्यशास्त्राचे अभ्यासक. किरण बेदी आणि किरण मोरे. महाराष्ट्रात मृणाल म्हटलं की मृणाल गोरे आठवतात, बंगालमध्ये मृणाल सेन. ज्योती आपल्याकडे मुलगीच, पण बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू होते. पंजाबात तर हरप्रीत, गुरप्रीत, मनजीत ही नावं मुलामुलींना सरसकट ठेवतात, पुढे सिंग लागलं की कौर एवढाच फरक.

आणि खुद्द शिरीष. आचार्य अत्र्यांनी आपल्या मुलीचं नाव शिरीष ठेवलं. त्याच शिरीष पै, १९२९ साली जन्मलेल्या, मराठीत हायकू रुजवणाऱ्या कवयित्री. मराठी वाचकांना शिरीष कणेकरही तितकेच परिचयाचे. एकच नाव, एक बाई आणि एक पुरुष, दोघेही लिहिणारे आणि कुणाचा घोटाळा झाला नाही. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी जे नाव मराठी मुलीला शोभलं ते आज तुमच्या मुलीला का शोभू नये?

मधल्या काळात मात्र आपण मागे गेलो असं माझं निरीक्षण आहे. कमल, सुमन, माणिक यांच्या मुली-नाती शाळेत आल्या त्या अमृता, स्नेहा, प्राजक्ता, ऋतुजा, सायली होऊन. नावं गोड होती, पण शेवट सगळ्यांचे सारखे. या काळात वाढलेल्या पिढीला आता शिरीष हे ‘मुलाचं नाव’ वाटतं. आणि एक ठळक गोष्ट दिसते. सुमन, कमल, सरोज ही नावं मुलींची म्हणून पक्की झाली आणि मराठी घरांनी मुलांना ती ठेवणं जवळपास बंद केलं. मुलीला मुलाचं नाव ठेवलं तर लोक कौतुक करतात, मुलाला मुलीचं ठेवलं तर हसतात. या फरकाकडे मी पुढे येणार आहे, कारण रणवीर नको म्हणण्याचं कारण तिथेच आहे.

आता भाषेकडे. पालकांची समजूत अशी असते की पुल्लिंगी नाव ठेवलं तर वाक्यं बिघडतील, लोक ‘शिरीष आला’ म्हणतील. तसं होत नाही. मराठीत क्रियापद माणसाप्रमाणे चालतं. मुलगी समोर असली की ‘शिरीष आली’, ‘शिरीष झोपली’, ‘अगं शिरीष’. तोंडातून आपोआप तेच येतं, कुणाला शिकवावं लागत नाही. झाडाबद्दल बोलताना आपण ‘शिरीषाखाली बसलो’ म्हणतो, माणसाबद्दल ‘शिरीषला सांग’, ‘शिरीषने आणलं’. जुन्या वळणाची माणसं वसंताला, रामाने असं म्हणायची, पण मुलींच्या अकारान्त नावांना तो ‘आ’ कधी लागला नाही. सुमनला, कमलने असंच राहिलं. शिरीषचंही तसंच होईल. तुमच्या सांगली-कोल्हापूरकडे तर बायका-मुली स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. तिथल्या मुलीला पुल्लिंगाची भीती कशाला घालायची?

याचा दुसरा अर्थही नीट लक्षात घ्या. काही पालक दोघांना चालणारं नाव अशासाठी निवडतात की पुढे नोकरीच्या अर्जावर, ईमेलमध्ये मुलगी आहे हे कळू नये आणि तिला डावललं जाऊ नये. इंग्रजी पत्रव्यवहारात हे थोडंफार साधतं. मराठीत मात्र पहिलंच वाक्य बोललं की सगळं उघड होतं, ‘मी अर्ज केला होता, आज भेटायला आले आहे’ यातलं ‘आले’ पुरेसं असतं. त्यामुळे नाव तिला लपवेल अशी आशा धरू नका. कागदावर काही क्षण तसं होईल, एवढंच.

चिडवण्याबद्दल तुमच्या आईची भीती मी समजू शकते. पण मुलं कशावरून चिडवतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. यमक जुळलं की चिडवतात. नावात एखादी भाजी, प्राणी किंवा शरीराचा अवयव ऐकू आला की चिडवतात. त्या वर्षी एखाद्या चित्रपटातलं विनोदी पात्र त्या नावाचं असलं की चिडवतात. नाव मुलाचं की मुलीचं यावरून चिडवणं मी पाहिलं ते पाचवी-सहावीच्या आसपास, जेव्हा मुलं-मुली एकमेकांपासून तुटून बसायला लागतात. तेही फार तर पहिल्या सत्रापुरतं.

खरी अडचण मुलांकडून नाही, मोठ्यांकडून येते. आमच्याकडे हजेरीपत्रकात आधी मुलांची नावं, मग मुलींची. जूनमध्ये वर्ग नवा, शिक्षक नवे आणि यादी गेल्या वर्षीच्या रजिस्टरवरून घाईने उतरवलेली. एका वर्षी हर्षल नावाची मुलगी मुलांच्या यादीत, सतरा नंबरला जाऊन बसली. सरांनी हजेरी घेताना ‘हर्षल’ म्हटलं, मागच्या बाकावरून मुलीचा आवाज आला, ‘हजर’. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, ‘तू नाही, हर्षलला बोलू दे.’ वर्ग हसला. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, मीच हर्षल. माझा नंबर पुढे, मुलींत घ्या.’ नावाने तिला जो काही त्रास दिला तो मोठ्या माणसाच्या गृहीत धरण्यातून आला होता. शिक्षकखोलीत मी त्या सरांशी बोलले आणि तेव्हापासून यादी उतरवताना नावावरून अंदाज करायचा नाही, रजिस्टरमधला लिंगाचा रकाना पाहायचा, असं आम्ही ठरवून टाकलं. तुम्ही काय करायचं? प्रत्येक नव्या वर्षी पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटून एकदा सांगायचं. मुलगी चौथी-पाचवीत गेली की ती स्वतः सांगेल.

तिला हे सांगता यावं यासाठी घरात एक तयारी मात्र लागते. तिचं नाव काय, त्याचा अर्थ काय आणि ते का ठेवलं, हे तिला लहानपणापासून ठाऊक हवं. ‘शिरीष म्हणजे फुलाचं झाड, याच नावाच्या एक मोठ्या कवयित्री होऊन गेल्या’ एवढं वाक्य पाच वर्षांची मुलगी ताठ मानेने सांगू शकते. ज्या मुलींना आपल्या नावाची गोष्ट माहीत असते त्या नावावरून कोमेजत नाहीत.

आणि इथेच रणवीरचा प्रश्न येतो. पाच वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘माझं नाव रणवीर का?’ तर तुम्ही काय सांगाल? तुम्ही लिहिलं आहे की ‘मुलासारखी धीट व्हावी म्हणून’. मला हे उत्तर सलतं. धीटपणा मुलांचा आणि मुलीने तो उसना घ्यायचा, असा त्याचा अर्थ होतो. अठराव्या शतकाच्या तोंडावर औरंगजेबासारख्या बादशहाशी झुंज देत मराठ्यांचं राज्य सांभाळलं त्या ताराबाई होत्या. १७६७ पासून १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार पाहिला त्या अहिल्याबाई होत्या. झाशीची राणी माहेरी मणिकर्णिका होती, लाडाने मनू. यातल्या कुणाच्या नावात ‘वीर’ नव्हतं. मुलीचं नाव धीट हवं असेल तर तारा ठेवा, अहिल्या ठेवा, तेजस्विनी ठेवा. तिला मुलाच्या जागी उभं करू नका.

याहून गंभीर गोष्ट सांगते. घरात दोन-तीन मुली झाल्या की पुढच्या मुलीला मुलाचं नाव ठेवायचं, मुलासारखे कपडे घालायचे, केस कापायचे, म्हणजे पाठीवर भाऊ येतो, अशा समजुती मी स्वतः ऐकल्या आहेत. साताऱ्यात तर नकोशी, नकुशा अशी नावं ठेवण्याची रीत होती आणि २०११ मध्ये जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. नावामागे ‘तू नको होतीस’ किंवा ‘तू मुलगा असायला हवी होतीस’ हे असेल तर मुलीला ते कळतं, कुणी सांगितलं नाही तरी कळतं. तुमच्या घरात असं काही नाही हे तुमच्या पत्रावरून दिसतं. पण सासरचं कुणी ‘पहिली मुलगी, रणवीर म्हणून हाक मारू, पुढचा खरा रणवीर येईल’ असं म्हणत असेल तर त्या नावाचा विषय तिथेच संपवा.

भाषेच्या अंगानेही ‘वीर’, ‘राज’, ‘जित’, ‘ईश’, ‘नाथ’, ‘पती’, ‘कांत’ असे शेवट असलेली नावं मुलीला जड जातात. कांत म्हणजे प्रियकर, नवरा. रमाकांत म्हणजे रमेचा नवरा. इथे शब्दच पुरुष सांगतो, मग तो व्यक्तीप्रमाणे वळत नाही. दोघांना चालणारी नावं निसर्गातून, रत्नांतून, प्रकाशातून, स्वरांतून किंवा गुणांतून आलेली असतात. किरण, मृणाल, सुहास, बकुल, मुकुल, अंबर, स्वर, निनाद, अक्षर, सृजन. यातली काही आज मुलांची मानली जातात, पण अर्थाने त्यांना कुणीच अडवलेलं नाही. तुमच्या मनात चौथं नाव आलंच तर या वाटेने शोधा.

मल्हार या दोहोंच्या मधे आहे. पावसाचा राग म्हणून ते स्वरांतून आलेलं नाव, कुणालाही शोभावं असं. पण महाराष्ट्रात मल्हार म्हटलं की आधी जेजुरीचा मल्हारी मार्तंड आणि मल्हारराव होळकर आठवतात. तुमच्या घरचं कुलदैवत खंडोबा असेल तर देवाच्या नावाने मुलीचं नाव ठेवण्याला मोठा अर्थ आहे, विठोबाच्या नावाने विठाबाई होत्याच. फरक इतकाच की शिरीषला लोक एकदा विचारतील आणि मान डोलावतील, मल्हारला आयुष्यभर ‘मुलाचं नाव ना?’ हे ऐकावं लागेल. तुम्हा दोघांना ते नाव मनापासून हवं असेल तर ठेवा. केवळ आजकाल वेगळं वाटतं म्हणून ठेवू नका, कारण दरवेळी खुलासा करण्याचं काम तुमचं नसून तिचं असणार आहे.

आता दिरांचा मुद्दा. आपल्याकडे कायद्याने नावाला लिंग नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये मुलीचं नाव अमुक प्रकारचं असावं असं कुठेही नाही आणि निबंधक त्या कारणाने नाव नाकारू शकत नाही. जर्मनीत तशी अडचण होती. तिथे नावावरून मुलगा की मुलगी हे कळलं पाहिजे म्हणून एका मुलीचं नाव नोंदवायला अधिकाऱ्यांनी नकार दिला होता. ते नाव कोणतं, तर आपलं किरण. प्रकरण तिथल्या घटना न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे ही लढाई लढावीच लागत नाही.

अडचण नावाची नसते, लिंगाच्या रकान्याची असते. फॉर्म भरणारा माणूस घाईत असतो, ‘शिरीष महेश’ असं वाचतो आणि ‘पुरुष’वर खूण करतो. माझ्याकडे आलेली बहुतेक प्रकरणं याच एका खुणेची होती. ही चूक जन्मदाखल्यात राहिली तर शाळेत, शाळेतून बोर्डात, बोर्डातून पुढे अशी ती वाहत जाते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पासपोर्ट अशा कामांसाठी जन्माच्या तारखेचा आणि ठिकाणाचा पुरावा मानला जातो. म्हणून तो दाखला हातात आला की तिथेच उभं राहून नाव, दोन्ही लिप्यांतलं स्पेलिंग आणि लिंग, तिन्ही वाचा. तिथे चूक सापडली तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

दुसरी जागा म्हणजे आधार. पाच वर्षांखालच्या मुलाचं बाल आधार निघतं, बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी घेतात. आधारमध्ये नाव दोनदा बदलता येतं, पण लिंग एकदाच. त्यामुळे केंद्रावरच्या माणसाने माहिती भरल्यावर पावती छापण्याआधी पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा आणि स्वतः पाहा. हे सगळं बारीकसारीक वाटेल, पण त्याच्यावर पैसे आणि हक्क अवलंबून आहेत. सुकन्या समृद्धी खातं फक्त मुलीच्या नावे निघतं. लेक लाडकी योजनेत पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरात १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. पुढे मुलींच्या वसतिगृहाचा प्रवेश आहे. लिंगाचा रकाना बरोबर असेल तर नाव शिरीष असो की सुशीला, काही अडत नाही.

नावाची जागा तुम्ही मोकळी ठेवली हे चांगलं केलं. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण नाव नंतर घालता येतं. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा सासूबाईंशी वाद मिटेपर्यंत थांबा, घाई नाही. फक्त एकदा नाव घातलं की ते बदलणं फार किचकट आहे. चूक दुरुस्त करता येते, पण ‘आता आम्हाला दुसरं नाव आवडतं’ ही चूक धरत नाहीत. पुढे मोठेपणी राजपत्रात नाव बदलता येतं, पण तो खटाटोप आहे आणि शाळेचे जुने दाखले त्याने बदलत नाहीत. गोव्यात राहणाऱ्या वाचकांसाठी सांगते, तिथे नाव-आडनाव बदलण्याचा १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, महाराष्ट्राची पद्धत तिथे धरून चालू नका.

आणखी एक, जे अजून बऱ्याच घरांच्या लक्षात आलेलं नाही. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रातल्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. तुमच्या मुलीला हे लागू आहे. म्हणून तिन्ही नावं चौघांच्या रांगेत ठेवून पाहा. समजा आईचं नाव सुनीता आणि वडिलांचं महेश, तर ‘शिरीष सुनीता महेश’ छान वाटतं. आईचं नावही किरण किंवा सुहास असेल, तर ‘मल्हार किरण महेश’ वाचून परका माणूस तिन्ही पुरुषच समजेल आणि पुन्हा तीच खूण चुकेल. हे नाव मोठ्याने वाचून घ्या, हाताने लिहून पाहा, सही करून पाहा.

रोमन लिपीत एक वेगळीच गंमत होते, तिचा फटका परदेशी जाणाऱ्या मुलांना बसतो. देवनागरीत आर्य मुलगा आणि आर्या मुलगी, अनन्य मुलगा आणि अनन्या मुलगी. रोमनमध्ये दोघांचं स्पेलिंग एकच. शेवटी ‘ए’ अक्षर दिसलं की तिकडची माणसं ते बाईचं नाव समजतात, मग आपल्या आदित्यला स्त्री समजून पत्रं येतात. शिरीषला ही अडचण नाही, पण तिला वेलांटीची आहे. ‘शि’ ऱ्हस्व आणि ‘री’ दीर्घ हे रोमनमध्ये कळत नाही, कुणी दोन ‘ई’ घालतो, कुणी एक ‘आय’ घालतो. आधारची यंत्रणा रोमनवरून आपोआप मराठी करते तेव्हा ‘शिरिष’ छापून येतं. आजच एक स्पेलिंग नवरा-बायकोने मिळून ठरवा, ते कागदावर लिहून घराच्या फाईलमध्ये लावा आणि जन्मदाखला, आधार, बँक, शाळा, जिथे जाल तिथे अक्षर न अक्षर तेच द्या. मराठीत ‘शिरीष’ हे दुसरी वेलांटी दीर्घ असलेलंच घ्या आणि फॉर्म भरणाऱ्याला बोलून न सांगता लिहूनच दाखवा.